बटण दाबण्याआधी

विष्णुपुरीहून आम्ही बचत गटाच्या सहयोगिनी बोलतोय. बँकेचं कर्ज, व्याज, हप्ते, वह्या यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषयही हिशोबाचाच आहे, फक्त तो पैशाचा नाही. आज आवाजाचा हिशोब मांडायचा आहे.

आपल्या विष्णुपुरीला विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मेडिकल कॉलेज आहे. वही आणि मोबाईल घेऊन येणाऱ्यांची आपल्या भागात कमी नाही. कधी प्रकल्प करणारे विद्यार्थी येतात, कधी रेडिओचे ताई-दादा येतात, कधी पुण्याहून सुट्टीला आलेला आपलाच पुतण्या असतो. म्हातारीपुढं मोबाईल धरतात आणि म्हणतात, "आजी, दोन ओव्या म्हणा." आजी दोनाच्या वीस म्हणते. पंचमीचे फेर म्हणते, गौरीची गाणी म्हणते, हळदीची म्हणते. चहा होतो आणि पाहुणे जातात. मग ते गाणं कुठं वाजलं, कुणी ऐकलं, त्याखाली नाव कुणाचं लागलं, कुणाला चार पैसे मिळाले का, हे आजीला कधीच कळत नाही. कुणाला विचारायचं तेही कळत नाही. गटाच्या बैठकीत बाया हे आम्हाला विचारतात. त्याचं उत्तर शोधायला आम्ही जरा मागं गेलो, कारण गाणारी आणि तिचा आवाज भरून घेणारा यांच्यातला हा व्यवहार सव्वाशे वर्षांचा होत आला आहे.

त्याच्याही आधीपासून सुरुवात करू. गंगाखेड आपल्यापासून फार लांब नाही, आपल्याच गोदावरीच्या काठावर आहे. जनाबाई तिथली. तिला जाऊन सातशे वर्षं होत आली, तरी तिचा अभंग ऐकला की तो जनीचा आहे हे आपल्याला कळतं. कसं कळतं? संतांनी अभंगाच्या शेवटी आपलं नाव गुंफण्याची रीत पाळली. त्याला नाममुद्रा म्हणतात. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गाणं गेलं तरी नाव त्याच्याबरोबर गेलं. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या बाईचं नाव आजवर टिकलं ते यामुळे.

आता आपली जात्यावरची ओवी घ्या. तिच्यात भावाचं नाव येतं, लेकराचं येतं, पंढरीच्या विठ्ठलाचं येतं, सीतेचा वनवास येतो. गाणारीचं स्वतःचं नाव मात्र बहुतेक वेळा येत नाही. त्याची गरजही नव्हती. जात्याच्या समोरच्या बाजूला बसलेल्या जावेला आवाज माहीत होता. भिंतीपलीकडच्या शेजारणीला अंधारातही कळायचं की आज कोण दळतंय. जितक्या लांब आवाज जात होता, तितक्या लांब ओळखही जात होती. आवाज ओळखीच्या पलीकडं नेणारं यंत्र आलं आणि मग नावाचा प्रश्न उभा राहिला.

ते यंत्र आपल्या देशात १९०२ साली गाणाऱ्या बायांपुढं आलं. इंग्लंडच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग नावाचा माणूस रेकॉर्डिंग करायला कलकत्त्याला आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यानं ज्यांचे आवाज भरून घेतले, त्यांत गौहरजान ही तिथली नामांकित गायिका होती. त्या काळी माईक नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, आतली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढायची. तबकडी तीनएक मिनिटांत भरायची. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत कसा बसवायचा हे गौहरजानला ठरवावं लागलं आणि तिनं ते जमवून दाखवलं.

तिच्या रेकॉर्डच्या शेवटी एक गंमत ऐकू येते. गाणं संपलं की ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, मी गौहरजान. लोकांना वाटतं हा तिचा तोरा होता. कारण साधं होतं. मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारखान्यात पक्क्या रेकॉर्डी निघायच्या. तिथल्या कामगारांना ना भाषा कळे, ना गायिका माहीत. कोणत्या तबकडीवर कोणाचं नाव चिकटवायचं, हे कळावं म्हणून गाणाऱ्यानं शेवटी नाव सांगायचं. जनाबाईनं जे अभंगात केलं, तेच गौहरजाननं यंत्रात केलं. तिनं एका बैठकीचे तीन हजार रुपये मागितले असं सांगतात. त्या काळचे तीन हजार! आकडा थोडा इकडं-तिकडं असेल, पण एक गोष्ट पक्की आहे. स्वतःचा आवाज भरून द्यायची किंमत असते आणि ती आधी बोलायची असते, हे त्या बाईला पहिल्याच दिवसापासून कळत होतं.

सगळ्यांनीच यंत्रापुढं जायचं ठरवलं असं मात्र नाही. जयपूर घराण्याचे थोर गायक अल्लादिया खाँ कोल्हापूर आणि मुंबईत राहिले, महाराष्ट्राला त्यांनी केवढे शिष्य दिले. पण त्यांनी आपलं गाणं रेकॉर्डवर दिलं नाही. आज त्यांचं गाणं आपल्याला शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकावं लागतं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांनी थोड्या रेकॉर्डी दिल्या, पण पुढं रेडिओ आणि रेकॉर्डिंग यांपासून त्या लांबच राहिल्या. आपलं गाणं कुणी चोरून भरून घेऊ नये, त्याची नक्कल होऊ नये, याबद्दल त्या फार काटेकोर होत्या. लोकांनी त्यांना हट्टी म्हटलं. आम्हाला वाटतं, नाही म्हणणं हाही एक करारच आहे, आणि बाईनं केलेला हा करार लोकांना सगळ्यात जास्त खटकतो.

केसरबाईंची पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली एक-एक तबकडी ठेवली. भारतातून त्यावर एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ज्या बाईनं आपला आवाज कुठं जावा याची आयुष्यभर राखण केली, तिचा आवाज आज सूर्यमालेच्या कडेला पोचला आहे. हा किस्सा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग सिनेमा आला. १९४९ साली 'महल' चित्रपट लागला. त्यातलं गाणं घरोघर गाजलं, पण रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! गाणारी होती लता मंगेशकर. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, ही कोण गाते? तेव्हा नाव बाहेर आलं. पुढं ज्यांचं नाव देशात लहान लेकरालाही माहीत झालं, त्यांचंही नाव आधी विचारून घ्यावं लागलं होतं. मग आपल्या आजीचं काय?

लताबाईंनी पुढं आणखी एक वाद घातला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं म्हणणं होतं की रेकॉर्ड जितकी वर्षं विकली जाते, तितकी वर्षं तिच्या उत्पन्नातला वाटा गायकालाही मिळाला पाहिजे. याला रॉयल्टी म्हणतात. मोहम्मद रफीसाहेबांना ते पटलं नाही. आपण गायलो, ठरलेले पैसे घेतले, व्यवहार संपला, असं त्यांचं मत होतं. दोघांचं इतकं बिनसलं की काही वर्षं त्यांनी एकत्र गाणी गायली नाहीत. दोघंही सज्जन, दोघंही मोठे कलावंत. एक म्हणत होते एकरकमी, एक म्हणत होत्या हप्त्यानं. गटातल्या बाईला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शेत एकदा विकून टाकणं वेगळं आणि बटईनं देऊन दर सुगीला वाटा घेणं वेगळं.

रेडिओची रीत तिसरीच होती. आकाशवाणीवर गायचं तर आधी आवाजाची परीक्षा, त्यात पास झालं की श्रेणी, आणि कार्यक्रमाच्या आधी करारपत्र. त्यावर तारीख, किती मिनिटं गायचं आणि मानधन किती, हे लिहिलेलं असे. परभणी आणि नांदेड केंद्रांवर आपल्याकडच्या कितीतरी भजनी मंडळांनी, शाहिरांनी, गोंधळ्यांनी गायलं, त्यांच्या घरी हे कागद अजून जपून ठेवलेले दिसतात. मानधन थोडं असायचं, पण कागद असायचा, आणि गाण्याआधी निवेदक नाव घ्यायचा. त्या घरात आजही 'आमच्या बाबांचं नाव रेडिओवर घेतलं होतं' हे सांगतात, पैसे किती मिळाले ते फार कुणाला आठवत नाही.

१९८०च्या दशकात कॅसेट आली. रेकॉर्डिंग स्वस्त झालं. भीमगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं भरभरून निघाली, आणि ज्या गळ्यांना रेडिओच्या परीक्षेत कधी जागा मिळाली नसती, ते गळे घराघरात पोचले. हे फार मोठं काम झालं. पण व्यवहार बहुतेक एकरकमी आणि तोंडी राहिला. गायकाला एकदा पैसे मिळाले की मग कॅसेटी किती निघाल्या, किती खपल्या, नकली किती निघाल्या, याचा हिशोब त्याच्यापर्यंत येत नसे. आज तेच मोबाईलवर होतं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणीच्या फडापुढं किती मोबाईल वर झालेले असतात, ते आपण बघतोच. नाचणारीला, गाणारीला कुणी विचारत नाही. ती घरी पोचायच्या आत तिचा तुकडा सगळीकडं फिरलेला असतो.

मैत्रिणींनो, असंच सगळीकडं होतं असं नाही. आपल्या महाराष्ट्रातच एक काम फार सावकाश आणि नीट झालं आहे, आणि ते आपल्या ओव्यांचंच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण भारतीय झालेले गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सुरुवात मुळशीच्या डोंगरी भागात झाली. तिथं गरीब डोंगरी संघटनेचं काम चाललं होतं आणि गावातल्या कार्यकर्त्या बायाच आपल्या आया-सास्वांच्या ओव्या लिहून घेऊ लागल्या. आधी ओळख, मग संघटना, मग वही. यंत्र सगळ्यात शेवटी आलं. १९९६च्या सुमारास बर्नार्ड बेल हे फ्रान्सचे तज्ज्ञ त्यात आले. इंजिनिअर असलेल्या या माणसानं गावोगावच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग केलं. ते रेकॉर्डिंग १२० तासांहून जास्त आहे.

या कामात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, एक हजाराहून जास्त गावांतून, तीन हजारांहून जास्त बायांकडून. गी पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. पुढं 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं हे काम हाती घेतलं आणि २०१७च्या मार्चपासून या ओव्या इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्या. ओवी ऐकताना तिथं काय दिसतं? गाणारीचं नाव. तिचं गाव, तालुका, जिल्हा. रेकॉर्डिंगची तारीख. जमेल तिथं तिचा फोटो. पूर्वीच्या छापील संग्रहांत बहुतेक ठिकाणी 'पारंपरिक' एवढ्या एका शब्दाखाली सगळ्या बाया झाकल्या जायच्या. इथं प्रत्येक ओवीमागं बाई उभी आहे.

आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे त्यांत आहेत. त्यांचा आवाज एकदा ऐका. आपण हजारदा ऐकलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत, पण गाताना गंगूबाईंचा गळा असा दाटतो की ऐकणारीचाही दाटतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही तिथं आहेत. वर्षांनंतर या संग्रहाची माणसं पुन्हा त्या-त्या गावी गेली, गाणाऱ्यांना भेटली. काही बाया भेटल्या, काही तोवर गेल्या होत्या. आवाज घेऊन गेलेलं माणूस परत येऊन सांगतं की तुमचा आवाज इथं आहे, असा ठेवलाय, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. घेऊन जाणारे पुष्कळ, परत येणारे थोडे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडं १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात आधी गाणं लिहिणारा, चाल लावणारा आणि रेकॉर्ड काढणारा यांचे हक्क होते. गाणारीचा वेगळा हक्क नव्हता. तो १९९४च्या दुरुस्तीनं आला. त्याला सादरकर्त्याचा हक्क म्हणतात आणि आता तो पन्नास वर्षं चालतो. ओवी कुणी रचली ते माहीत नसेल, चाल सगळ्यांची असेल, तरी तुम्ही ती ज्या दिवशी गायलात ते गाणं तुमचं सादरीकरण आहे. तुमच्या परवानगीशिवाय कुणी ते भरून घेऊन बाजारात आणू शकत नाही.

२०१२च्या दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी आल्या. रेकॉर्डिंगचा धंद्यासाठी वापर झाला तर सादरकर्त्याला रॉयल्टी मिळायचा हक्क आला. लताबाईंचं म्हणणं पन्नासएक वर्षांनी कायद्यात बसलं म्हणा ना! दुसरं म्हणजे आपलं नाव लावून घ्यायचा आणि आपलं गाणं मोडून-तोडून बदनामी होत असेल तर ते रोखायचा हक्क. पण कायद्यानं इथं रेकॉर्डिंग करणाऱ्याचीही अडचण ओळखली आहे. वेळेत बसवायला गाणं कापलं, खोकला काढला, आवाज साफ केला, तर ती मोडतोड धरत नाहीत. रेडिओवाल्या ताईनं तुमच्या वीस ओव्यांतल्या आठ घेतल्या तर तो अपमान नाही. पण सासूवरची ओवी कापून ती सुनेवर असल्यासारखी वाजवली, तर तिथं तुम्ही बोलू शकता.

आणि रेकॉर्डिंगचा मालक कोण? ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली, तो निर्माता, असं कायदा सांगतो. नुसतं बटण दाबलं म्हणून कुणी मालक होत नाही. म्हणून पहिलाच प्रश्न विचारा, "बाबा, तू कुणाकडून आलास?" कॉलेजकडून, रेडिओकडून, का स्वतःच्या चॅनलसाठी?

इथवर नावाचं आणि पैशाचं झालं. पण गावोगाव फिरताना बाया आम्हाला तिसरीच गोष्ट सांगतात आणि ती कुठल्या कायद्यात नीट बसत नाही. एका गावात एक मावशी फार सुंदर ओव्या म्हणत होत्या. म्हणता म्हणता त्या स्वतःच्या संसारावर आल्या. नवऱ्यानं टाकलं, दिरानं शेत घेतलं, सगळं ओवीत आलं. भोवतीच्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. संपल्यावर मावशी म्हणाल्या, "हे नांदेडला वाजवा, मुंबईला वाजवा, कुठंबी वाजवा. आपल्या गावात नका वाजवू."

आता गंमत बघा. आपल्यासारख्या सामुदायिक रेडिओचा आवाज जातो किती लांब? जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे मावशीला जिथं नको आहे, नेमका तिथंच. केसरबाईंचा आवाज सूर्यमालेच्या कडेला गेला तर त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मावशीचा आवाज मागच्या गल्लीत गेला तर उद्या सकाळी दीर दारात उभा राहतो. मोठ्या शहरातल्या करारात किती पैसे आणि किती वर्षं हे लिहितात. आपल्या करारात कुणी ऐकू नये, हेही लिहावं लागेल. ती मावशीची अट आहे आणि ती पाळायची आहे. त्या ओव्या नावाशिवायही वाजवायच्या नाहीत, कारण गावात नावाची गरजच नसते. आवाजच ओळखतात.

तशीच गोष्ट गाण्याच्या आधी-नंतर होणाऱ्या गप्पांची. रेकॉर्डर चालू असतो आणि बाया बोलत असतात. कुणाची सून, कुणाचं कर्ज, कुणाच्या अंगावरचे वळ. ते गाण्यासाठी बोललेलं नसतं. रेकॉर्डिंग करणाऱ्या ताई-दादांना आमचं सांगणं आहे की चालू केलं हे तोंडानं सांगा, बंद केलं हेही सांगा, आणि मधलं जे नको आहे ते त्यांच्यासमोरच पुसा. आपल्याच मैत्रिणींचं उदाहरण घ्या. देगलूर-उदगीरच्या पलीकडं, तेलंगणातल्या जहीराबादजवळ माचनूर गावात २००८ साली संगम रेडिओ सुरू झाला. तो चालवणाऱ्या बाया शेतमजूर आणि लहान शेतकरी, बहुतेक दलित समाजातल्या. तिथं माईक धरणारी आणि माईकपुढं बोलणारी एकाच गल्लीतल्या. काय वाजवावं आणि काय पोटात ठेवावं, हे तिला शिकवावं लागत नाही. आपल्या गटातल्या मुलींनी रेकॉर्डिंग शिकावं, असं आम्ही म्हणतो ते यासाठीच.

रेकॉर्डिंग करणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो किंवा ती तास-तास उन्हात बसते, कुत्रं भुंकलं की थांबते, गिरणीचा आवाज आला की पुन्हा पहिल्यापासून घेते, रात्री जागून साफ करते. तिच्या कामालाही नाव आणि मोबदला पाहिजे. आणि तिच्या हातात सगळं नसतं. गाणं एकदा व्हॉट्सअॅपवर गेलं की ते परत आणता येत नाही. नंतर रात्री फोन करून "काढून टाक" म्हटलं तर ती फक्त आपल्याकडचं काढू शकते. म्हणून मन बदलायचं असेल तर गाणं बाहेर जायच्या आधी बदलावं लागतं. त्यासाठी मध्ये वेळ ठेवावा. आज भरलं, आठ दिवसांनी गाणारीला ऐकवलं, तिनं मान हलवली की मगच पुढं. रेडिओच्या नियमाप्रमाणे वाजवलेला कार्यक्रम केंद्राला तीन महिने जपून ठेवावा लागतो. तीन महिन्यांनंतर त्याचं काय करायचं, हे मात्र आपण ठरवू शकतो.

हे सगळं लिहायचं कुठं? वकिलाकडं जायला नको. गटाची इतिवृत्त वही आहे ना! आपण दर बैठकीत ठराव लिहितो, कर्ज कुणाला दिलं, किती, कधी फेडणार, जामीन कोण. खाली सह्या आणि अंगठे. बँकेचा साहेब ती वही मानतो. आवाजाचा ठरावही त्याच वहीत लिहायचा. असा:

आज दिनांक अमुक रोजी, अमुक गावच्या अमुक यांनी इतक्या ओव्या म्हटल्या. भरून घेणाऱ्याचं नाव आणि संस्था. कशासाठी घेतल्या. नाव सांगायचं की नाही, फोटो लावायचा की नाही. कुठं वाजवायचं, आणि कुठं वाजवायचं नाही. मोबाईलवर पाठवायचं की नाही. पैसे मिळाले तर वाटा किती. गाणारीला तिची प्रत कधी मिळणार. नको वाटलं तर कुणाला, किती दिवसांत सांगायचं. आणि ती गेल्यावर तिच्या आवाजाबद्दल कुणी बोलायचं, लेकीनं की मुलानं.

शेवटचा मुद्दा बायांना सांगितला की आधी त्या हसतात, मग गप्प होतात. बहुतेक जणी लेकीचं नाव सांगतात.

हा ठराव मोठ्यानं वाचायचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल असा. भरून घेणाऱ्यानं सही करायची, गाणारीनं सही किंवा अंगठा, आणि गटाच्या अध्यक्ष-सचिवांनी साक्षीदार म्हणून. पाहुण्यानं सही करायला नकार दिला तर चहा पाजायचा आणि निरोप द्यायचा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गाणारीनं स्वतःच्या तोंडानं आपलं नाव आणि गाव सांगायचं, तिची तयारी असेल तर. गौहरजाननं शेवटी सांगितलं, आपण आधी सांगू.

येत्या बैठकीत हा विषय घ्या, मैत्रिणींनो. दोन पानं त्यासाठी वेगळी ठेवा. तुमच्या गटात कुणाचा आवाज पूर्वी कुणी भरून नेला असेल, तर तेही आठवेल तसं लिहून ठेवा: वर्ष, कोण आले होते, काय गायलं होतं. पुढच्या महिन्यात आम्ही येऊ तेव्हा ती पानं आम्हाला वाचून दाखवा.